गाडी जाऊ द्या, मग फ्लॅश मारा: रात्री रेल्वेचे फोटो काढायला शिकणाऱ्या नाशिककरांसाठी

रात्रीच्या गाडीचा फोटो काढायचा म्हटलं की नवीन माणूस काय करतो, कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवतो, रुळाच्या शक्य तितकं जवळ जाऊन उभा राहतो आणि इंजिन समोर आलं की बटण दाबतो. प्लीज असं करू नका. तो झोत थेट लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या, डोळ्यात जातो, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर असा उजेड पडला की पुढचे काही सेकंद समोरचं नीट दिसत नाही, आणि त्याच्या मागे अख्खी गाडीभर माणसं बसलेली असतात. शिवाय एवढं करून फोटोही मिळत नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वीस मीटरवर पोचेपर्यंत त्यात दम उरत नाही, मग हेडलाइटचा पांढरा गोळा, डब्यांवरच्या चकाकणाऱ्या पट्ट्या आणि बाकी काळोख असं काहीतरी येतं.

मी जी पद्धत सांगणार आहे ती एकदम साधी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं, गाडी तिच्या स्वतःच्या दिव्यांनी फोटोत रेघ ओढत निघून जाते, शेवटचा डबा लांब गेला की मग त्याच उघड्या शटरमध्ये समोरच्या जागेवर फ्लॅश मारायचा, म्हणजे द्राक्षाच्या ओळी असतील, बाभूळ असेल, शेकोटीपाशी बसलेलं माणूस असेल त्याच्यावर. शटर बंद केलं की गाडी आणि जागा दोन्ही एकाच फोटोत. कोणाच्या डोळ्यावर काही गेलं नाही, आणि हे करायला जुना सेकंडहँड फ्लॅश सुद्धा चालतो.

गाडीपेक्षा जागेला उजेड द्यायची कल्पना काही नवीन नाही. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक म्हणून फोटोग्राफर होता, त्याने १९५५ ते १९६० ह्या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं बरीचशी रात्रीच टिपली. त्या काळातले फ्लॅशबल्ब, जे एकदाच पेटतात आणि संपतात, ते तो वायरने जोडून गावभर लावायचा. त्याचे फोटो बघितले तर गाडी बऱ्याचदा मागे असते आणि पुढे गाव असतं, पेट्रोल पंप, ओढ्यात डुंबणारी पोरं, दिवाणखान्यात बसलेलं कुटुंब आणि खिडकीतून जाणारं इंजिन. ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावात गाडीत बसून सिनेमा बघायच्या मैदानावर त्याने काढलेला फोटो सगळ्यात गाजला, त्याला चाळीसच्या वर बल्ब लागले होते. पण लक्षात घ्या, त्याच्या पाठीशी रेल्वे कंपनी होती, परवानगी होती, इंजिनवाल्यांना काय होणार ते माहीत होतं. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून आपण फ्लॅश गाडी गेल्यावरच मारायचा.

कुठे जायचं आणि कुठे अजिबात नाही

नाशिकरोड स्टेशनच्या आजूबाजूला रात्री ट्रायपॉड आणि फ्लॅश घेऊन फिरू नका. तिथे नोटांचा छापखाना आहे, सिक्युरिटी प्रेस आहे, सेंट्रल जेल आहे. देवळालीकडे गेलात तर आर्टिलरीचा लष्करी भाग लागतो. ह्या भागांत अंधारात लाइट चमकवणाऱ्या माणसाला कोणीतरी येऊन विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे. स्टेशनच्या आत फोटो काढायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तरी प्लॅटफॉर्मवर फ्लॅश नाही, गर्दीत ट्रायपॉड नाही.

आपल्या कामाच्या जागा शहराच्या बाहेर आहेत. नाशिकरोडच्या पूर्वेला ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव असा सगळा पट्टा, आणि दुसऱ्या बाजूला लहवित, अस्वली, पाडळी, घोटी. मी सुरुवात करणाऱ्याला निफाडची बाजू सांगतो कारण तिकडे जमीन सपाट आहे, काही ठिकाणी रूळ भरावावर आहेत त्यामुळे गाडी आकाशावर दिसते, आणि रुळाशेजारी लोकांचे मळे आहेत. मळा म्हणजे कोणाची तरी खाजगी जमीन, मालकाची परवानगी घेतली की तुम्ही तिथे हक्काने उभे राहू शकता.

रेल्वेची हद्द मात्र कुंपण असो वा नसो ओलांडायची नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, दंडही होतो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा करंट असतो, त्याला शॉक द्यायला स्पर्शाची सुद्धा गरज नाही, रेल्वे स्वतः दोन मीटरच्या आत जाऊ नका म्हणून सांगते. म्हणून पुलावर उभं राहून लाइटचा स्टँड किंवा सेल्फी स्टिक वर करायचं डोक्यातही आणू नका.

उजेडाची भाषा रेल्वेची पण आहे

हे नाईट फोटोग्राफीच्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रात्री रुळावर उजेड म्हणजे निरोप असतो. लाल दिवा म्हणजे थांब, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पांढरा दिवा हातात घेऊन जोरजोरात आडवा हलवला तरी त्याचा अर्थ थांब असाच होतो, रेल्वेच्या नियमात तसं लिहिलेलं आहे. इंजिनावर पिवळसर लुकलुकणारा फ्लॅशर लाइट असतो, तो समोरून येणाऱ्या गाडीला धोका आहे हे सांगायला लावतात. आता विचार करा, तुम्ही शेतात टॉर्च हलवत चालताय, किंवा मित्राला बोलवायला मोबाईलचा लाइट हवेत फिरवताय, आणि लांबून गाडी येतेय. लोको पायलटने ब्रेक लावला तर त्याचं काहीच चुकलं नाही.

त्यामुळे काही गोष्टी पाळायच्याच. डोक्याला लावायच्या टॉर्चचा लाल मोड वापरायचा नाही. आकाशाचे फोटो काढणारे सगळे लोक लाल टॉर्च वापरा म्हणून सांगतात, डोळे दिपत नाहीत म्हणून, ते माळरानावर ठीक आहे, रुळाजवळ नाही. मंद पांढरा लाइट घ्या आणि कायम जमिनीकडे, रुळाकडे पाठ करून. फ्लॅशवर लाल किंवा पिवळा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून रुळाच्या दिशेने मारायचा नाही. कॅमेऱ्याचा किंवा ट्रिगरचा (लांबून फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्राचा) फोकसला मदत करणारा लाल झोत असतो, मेनूत जाऊन बंद करा. स्ट्रोबसारखा पाठोपाठ चमकणारा मोड तर विसरूनच जा.

आणि हा डबल लाइनचा मार्ग आहे. एक गाडी गेली म्हणजे दुसरी बाजू रिकामी आहे असं होत नाही. फ्लॅश मारायच्या आधी दोन्हीकडे बघायचं, कुठेही हेडलाइटचा उजेड दिसत असेल तर थांबायचं, फोटो गेला तर गेला.

सामान

मॅन्युअल मोड आणि बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं राहतं तो) असलेला कोणताही कॅमेरा, २४ ते ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, हलणार नाही असा ट्रायपॉड, लॉक होणारा केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायची वायर). एक मॅन्युअल फ्लॅश, ज्याच्यावर टेस्टचं बटण आहे. बस. ट्रिगर, रिसीव्हर, गोडॉक्स कंपनीचे मोठे दिवे हे सगळं नंतर घ्या, कारण ह्या पद्धतीत फ्लॅश कॅमेऱ्याला जोडावाच लागत नाही, तुम्ही हातात घेऊन चालत जाता आणि बटण दाबता. चार्जेबल सेलचे दोन सेट ठेवा, थंडीत सेल लवकर मान टाकतात. एक मायक्रोफायबरचं फडकं, एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, बूट. चप्पल घालून रात्री मळ्यात जाऊ नका, मण्यार आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत.

फक्त मोबाईल असेल तरी चालेल, प्रो मोडमध्ये वीस-तीस सेकंदांचं शटर मिळत असेल तर स्टँडवर लावून हेच करता येतं, फ्लॅशच्या जागी दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च घेऊन पानांवरून हळूहळू फिरवा. दर्जा कमी येईल पण उजेड कुठून टाकायचा हे शिकायला भरपूर झालं.

दिवसा जाऊन यायचंच

उजेड असताना जागा बघितल्याशिवाय रात्री जायचं नाही. दिवसा तीन-चार गाड्या नुसत्या बघा, गाडी फ्रेममध्ये कुठून शिरते, कुठे झाडामागे जाते, विजेचे खांब कुठे येतात. विहीर कुठे आहे ते बघा, आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी खूप आहेत आणि अंधारात त्या दिसत नाहीत. ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात ते बघा, पाय पडून नळी निघाली तर शेतकऱ्याचं नुकसान.

आणि मळेवाल्याला भेटा. सरळ सांगायचं की काका, रात्री तुमच्या बांधावरून गाडीचा फोटो काढायचाय, लाइट चमकेल, घाबरू नका. बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "बिबट्या बघायला आलास का रे?" कारण गोदाकाठच्या ह्या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत, रात्री शेतात कोणी लाइट मारतंय म्हणजे बिबट्या आला असंच लोकांना वाटतं. एकदा ओळख झाली की तेच काका सांगतात अरे त्या कोपऱ्यात नको, तिकडे कुत्रं सोडलंय, इकडून ये. एकटं जाऊ नका, दोघं जा, आणि घरी सांगून जा.

वेळ कोणती

पूर्ण काळोखापेक्षा संधिप्रकाश कधीही बरा, आकाशात गडद निळा असला की गाडीची रेघ आणि झाडांचे आकार वेगळे दिसतात, नाहीतर सगळं काळ्यात काळं. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर वीस मिनिटांनी आपली खिडकी उघडते आणि जेमतेम पंधरा मिनिटं टिकते. सकाळी उलटं, सूर्योदय सातच्या आसपास, म्हणून साडेसहा ते पावणेसात. मनमाडहून सकाळी सहानंतर निघणारी पंचवटी एक्सप्रेस हिवाळ्यात निफाडच्या बाजूने साधारण ह्याच उजेडात जाते, आणि तिचे डबे आतून जागे असतात, म्हणजे दिवे चालू, लोक बसलेले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. रात्री अकरानंतर लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये लोक दिवे घालवून झोपतात, एसी डब्यांच्या काचा तशाही गडद असतात, मग रेघ फिकट आणि तुटक येते.

गाडी कुठपर्यंत आली ते एनटीईएस (रेल्वेचं स्वतःचं ॲप) किंवा व्हेअर इज माय ट्रेन ॲपवर बघा. मालगाड्या ॲपवर दिसत नाहीत, तिथे कान लागतात. फाटकाच्या अलीकडे साधारण ६०० मीटरवर एक पिवळा बोर्ड असतो, तिथून लोको पायलटला शिट्टी द्यावी लागते. ताशी ६० किलोमीटरने ६०० मीटर म्हणजे ३६ सेकंद, ताशी ११० ने वीसेक सेकंद. शिट्टी ऐकू आली की केबल हातात घ्यायची एवढा हिशोब पुरेसा आहे.

सेटिंग, आणि त्यामागचं गणित

सुरुवात इथून करा: आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) २००, अपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) एफ ८, शटर बल्बवर. एलएचबी डबा (नवीन प्रकारचा प्रवासी डबा) साधारण २४ मीटर लांब असतो, बावीस डबे आणि इंजिन धरून साडेपाचशे मीटर झाले, ताशी १०० च्या वेगाने एवढी गाडी तुमच्या समोरून जायला वीस सेकंद घेते. म्हणजे शटर वीस सेकंद गाडीसाठी आणि वर पाच-दहा सेकंद फ्लॅशसाठी. संधिप्रकाशात आकाश पांढरं पडायला लागलं तर एफ ११ करा. हेडलाइट फारच जळत असेल तरी एफ ११, पण खरा उपाय जागा बदलण्याचा आहे, कॅमेरा रुळाला इतका तिरका ठेवायचाच नाही की हेडलाइट थेट लेन्समध्ये घुसेल, गाडी साधारण आडवी जाऊ द्या.

फोकस आधी करून ठेवायचा. जिथे फ्लॅश पडणार आहे त्या वेलीवर टॉर्च टाका, फोकस करा, मॅन्युअलवर टाका आणि रिंगला टेप मारा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी सोय) पण बंद, नाहीतर तीस सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा पुढचे तीस सेकंद स्वतःच्या कामात अडकतो आणि लगेच मागून दुसरी गाडी आली तर हात चोळत बसायचं. फाइल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात.

आता फ्लॅशचं गणित, हे घाबरण्यासारखं नाहीये. प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, असतो. समजा तुमच्या फ्लॅशचा ३५ च्या झूमला, आयएसओ १०० ला, गाइड नंबर ३६ मीटर आहे. आयएसओ २०० ला तो सुमारे ५० होतो. त्याला अपर्चरने भागा, ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा मीटर. तर फुल पॉवरचा एक फ्लॅश सहा मीटरवरची वस्तू नीट उजळतो. बारा मीटरवरचं झाड उजळायचं असेल तर? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून तिथे एकाच जागेवरून चार फ्लॅश मारायचे. शटर उघडंच आहे, उजेड साठत जातो. किंवा सरळ झाडाजवळ चालत जा आणि सहा मीटरवरून एकच मारा, मी नेहमी हेच करतो, फक्त झोत मारताना तुमचं अंग आणि फ्लॅशचं तोंड कॅमेऱ्याला दिसता कामा नये.

एका गाडीचा फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा द्राक्षाचा मळा आहे, पुढे वेलींच्या ओळी, मागे शंभरेक मीटरवर भराव आणि त्याच्यावर रूळ. कॅमेरा कमरेच्या उंचीला, ओळींच्या तोंडाशी. गाडी यायच्या आधी नुसता फ्लॅश मारून एक टेस्ट घ्या, दोन्ही बाजूंना गाडी नाही हे बघून. मागच्या स्क्रीनवर पानं पांढरी फुटली असतील तर फ्लॅश अर्ध्या पॉवरवर आणा. हे सगळं गाडी यायच्या आधी पक्कं झालं पाहिजे, गाडी आल्यावर काहीही बदलायचं नाही.

शिट्टी आली. केबल हातात, फ्लॅश दुसऱ्या हातात चालू करून, तोंड जमिनीकडे. इंजिनाचा उजेड फ्रेमच्या कडेला यायच्या जरा आधी शटर उघडून लॉक करा. आता काही करू नका. वेलींमध्ये फिरू नका, गाडीच्या उजेडापुढे तुमची सावली फोटोत येते. डबे जाऊ द्या. शेवटच्या डब्याच्या मागे तांबडा दिवा असतो, तो फ्रेममधून बाहेर जातो, अजून दोन-तीन सेकंद थांबा म्हणजे मागे बसलेल्या गार्डलाही, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्रास नको. दोन्हीकडे नजर टाका. मग तीन-चार पावलं बाजूला ओळीत शिरा, फ्लॅश छातीच्या उंचीला, तोंड रुळाच्या उलट्या दिशेला किंवा ओळीच्या लांबीत, टेस्टचं बटण. फ्लॅश परत भरल्याची शिट्टी किंवा दिवा आला की दुसऱ्या ओळीत जाऊन अजून एक. परत या, शटर बंद.

फोटोत माणूस हवा असेल, म्हणजे समजा ते काकाच शेकोटीपाशी बसलेत, तर त्यांना कुठे बसवायचं ह्याचा विचार करा. अंधारात माणूस हलला तरी एरवी दिसत नाही, पण त्याचं डोकं गाडीच्या रेघेच्या आड येत असेल आणि तो वीस सेकंदांत जरा जरी हलला तर रेघ त्याच्या डोक्यातून आरपार गेल्यासारखी दिसते. म्हणून बसलेला माणूस, डोकं रेघेच्या खाली. फ्लॅशच्या क्षणी तेवढं स्थिर राहायला सांगा. थंडीत द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात, निफाडचा पारा किती खाली जातो ते नाशिककरांना सांगायला नको, अशा शेकोटीचा नारिंगी उजेड आणि त्याचा धूर फोटोत फार सुंदर येतो, फक्त धुराच्या वाऱ्याच्या बाजूला फ्लॅश धरू नका नाहीतर धूरच पांढरा भिंतीसारखा उजळतो. शेकोटीजवळ फ्लॅशला फिकट नारिंगी जिलेटिन लावा, म्हणजे फ्लॅशचा थंड पांढरा उजेड आगीच्या रंगाशी जुळतो. हे जिलेटिन चालतं कारण झोत रुळाकडे जात नाहीये आणि गाडी निघून गेलीय.

उजेड कुठून येतो ह्यावर सगळं आहे

कॅमेऱ्याच्या जवळून फ्लॅश मारला तर द्राक्षाच्या पानांवर फवारलेल्या बोर्डोचे (बुरशीनाशकाचे) पांढरे-निळे डागच तेवढे चमकतात आणि पान पत्र्यासारखं सपाट दिसतं. तेच तुम्ही ओळीत आत शिरून पानांच्या मागून मारलात, थोडा खालून, तर उजेड पानातून आरपार येतो, शिरा दिसतात, कडा पातळ हिरव्या होतात, मांडवाची तार सुद्धा एक बारीक चंदेरी रेघ होऊन दिसते. एकाच वेलीवर दोन्ही प्रकारे मारून बघा, दहा मिनिटांत जेवढं कळेल तेवढं वाचून कळणार नाही. खोड, बांधावरचा दगड, विहिरीचा काठ, ह्यांना बाजूने मारायचं, म्हणजे खडबडीतपणा दिसतो. पुढे जागा सोडा, सगळं उजळायच्या मागे लागू नका. एक ओळ उजळली आणि बाकीच्या अंधारात राहिल्या तर फोटो जास्त बोलतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दव, आणि घाटातलं धुकं

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव इतकं पडतं की लेन्स पंधरा मिनिटांत धुरकट होते. थंडीत गार झालेला कॅमेरा गरम गाडीत किंवा घरात एकदम उघडू नका, बॅगेतच अर्धा तास राहू द्या. दर गाडीनंतर लेन्सवर तिरका टॉर्च टाकून बघा.

इगतपुरी-कसाऱ्याचा थळ घाट सगळ्यांना खुणावतो, चढ ३७ ला १ आहे, मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. पण सुरुवातीला रात्री तिकडे नको. पायवाटा, दऱ्या, बोगदे, सगळं रेल्वेच्या हद्दीत किंवा जंगलात. रस्त्यावरून, सुरक्षित थांबा मिळाला तर लांबून नुसती रेघ टिपा, आणि चढावर गाडी हळू जाते म्हणून वीस सेकंद पुरणार नाहीत, मिनिटभराचं शटर ठेवा, एफ ११ किंवा एफ १६. पावसाळ्यात धुक्यात फ्लॅश मारायचा असेल तर कॅमेऱ्यापासून लांब बाजूला जाऊन मारा, जवळून मारलेला उजेड धुक्यावर आपटून परत लेन्समध्येच येतो.

उभं इंजिन मिळालं तर

इंजिनाचा पोलादी चेहराच हवा असेल तर चालती गाडी सोडा आणि कुठेतरी प्रदर्शनाला ठेवलेलं जुनं इंजिन शोधा. मुंबईला सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत सर लेस्ली विल्सन नावाचं इलेक्ट्रिक इंजिन ठेवलंय, ह्याच जातीची इंजिनं पूर्वी आपल्या घाटात मालगाड्या ओढायची, रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणायचे. अशा ठिकाणी परवानगी मिळाली तर आयएसओ १००, एफ ८, तीस सेकंद, आणि हातातल्या टॉर्चने इंजिनाच्या बाजूने, जवळजवळ समांतर, सतत हात हलवत उजेड फिरवा. एका जागी थांबलात की डाग पडतो. चाकं आणि खालचा भाग आधी, कारण तिथे उजेड कमी पोचतो, छप्पर शेवटी. स्टेशनचे दिवे आजूबाजूला असतील तर ते एवढ्या वेळात जळतात, मग शटर दहा सेकंदांचं करून तीन-चार फोटोंमध्ये वेगवेगळा भाग उजळा आणि घरी जोडा.

घरी आल्यावर

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगांची पिवळट-निळसर छटा) ४००० ते ४५०० केल्विनच्या मध्ये फिरवून बघा, आकाश निळं राहतं आणि शेकोटी फार पिवळी होत नाही. सावल्या फार उचलू नका, दाणे दिसायला लागतात. प्रत्येक फोटोला किती फ्लॅश, कुठून, किती पॉवर हे त्याच रात्री वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कॅमेरा शटर आणि अपर्चर लक्षात ठेवतो पण हातातल्या फ्लॅशचं त्याला काही माहीत नसतं.

फोटो ऑनलाइन टाकताना मळ्याचं नेमकं लोकेशन टाकू नका, मोबाईलने काढला असेल तर जीपीएसची माहिती काढून टाका. एकदा जागा फुटली की दहा जण न विचारता बांधावर येतात, ठिबक तुटते, आणि पुढच्या वेळी तुम्हालाच नाही म्हणतात. गावाचं नाव पुरे. आणि ज्यांच्या मळ्यात काढला त्यांना व्हॉट्सॲपवर मोठ्या साइजमध्ये पाठवा, जमलं तर प्रिंट काढून नेऊन द्या, छाटणीच्या किंवा काढणीच्या गडबडीत नको, जरा निवांत असतील तेव्हा.